गाव, नगर आणि मधली वाट: नागपूर जिल्ह्यातल्या नगरपंचायतींची पार्श्वभूमी

नरखेड तालुक्यातलं मोवाड वर्धा नदीच्या काठावर आहे. लोकसंख्या दहा हजारांच्या आत, पण नगरपालिका १८६७ पासूनची. १९९१ च्या जुलैअखेरच्या महापुरात गावातली दोनशेहून अधिक माणसं गेली, वस्ती उचलून नव्या जागी न्यावी लागली, तरी नगरपालिका कायम राहिली. आता नागपूरच्या वेशीवरची, अमरावती रोडवरची वाडी बघा. २०११ च्या जनगणनेत तिथे पन्नास हजारांवर लोक होते. ट्रान्सपोर्टची गोदामं, शेजारी आयुध निर्माणी, एकाला एक लागून ले-आऊट, म्हणजे घरांसाठी भूखंड पाडलेल्या वसाहती, आणि या सगळ्याचा कारभार ग्रामपंचायतीकडे. वाडीला नगरपरिषद मिळाली ती त्यानंतर काही वर्षांनी.

एकाच जिल्ह्यात असं का घडलं, हे समजून घ्यायचं तर दीडशे वर्षं मागे जावं लागतं. कोणतं गाव ‘नगर’ ठरलं, याचा निर्णय केवळ डोकी मोजून इथे कधीच झाला नाही. कर कोणाकडून आणि कसा गोळा होईल, जमिनीचा निर्णय कोणाच्या हाती राहील, तालुक्याचं कार्यालय कुठे आहे, यावर तो ठरत आला.

भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. नागपूर त्याची राजधानी. शहराला १८६४ मध्ये नगरपालिका मिळाली. रिचर्ड टेंपल तेव्हा मुख्य आयुक्त होते. १८६७ मध्ये मुंबईहून येणारी रेल्वे नागपूरला पोहोचली आणि त्याच वर्षी रामटेक, उमरेड, खापा, सावनेर, कळमेश्वर, मोवाड अशा गावांमध्ये नगरपालिका उभ्या राहिल्या. या गावांत समान काय होतं? उमरेड आणि खापा ही कोष्टी विणकरांची गावं. सावनेर, कळमेश्वर, मोवाड कापसाच्या मुलखातली. रामटेकला यात्रा. म्हणजे या ठिकाणी माल आत येत होता, बाहेर जात होता, आणि वेशीवर नाका टाकला की जकात मिळत होती. मध्य प्रांतातल्या नगरपालिकांचा मुख्य आधार जकातच होता. दिवाबत्ती, झाडलोट, विहिरींची देखभाल हे सगळं त्या पैशावर. १९०१ च्या जनगणनेत सावनेर आणि कळमेश्वर पाच हजारांच्या आसपास होते, तर काटोल आणि नरखेड सात हजारांच्या पुढे. तरी नगरपालिका पहिल्या दोघांकडे होती, दुसऱ्या दोघांकडे नव्हती.

बाकीच्या गावांचं काय? इथे विदर्भाच्या या भागाचं वेगळेपण लक्षात घ्यावं लागतं. पश्चिम महाराष्ट्रात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरी; नागपूरकडे मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरी. गावाची जमीन, पडीक, तळं, पांदण यांवर मालगुजाराची सत्ता. गावचा कारभार मुकद्दम पाही, हाताशी कोतवाल. त्यामुळे ‘गावाचा निर्णय’ म्हणजे बहुतेक वेळा वाड्यावरचा निर्णय. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी मध्य प्रांतात स्थानिक स्वराज्य कायदा झाला. जिल्हा कौन्सिलं, लोकल बोर्डं आली. पण लोकल बोर्डावर ग्रामीण प्रतिनिधी निवडायचे तेही मुकद्दमांच्या मंडळातून. रयतेचा त्यात आवाज नव्हता. मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे ग्रामपंचायतीला ‘प्राचीन परंपरा’ म्हणून मिरवण्याची सवय आहे. नागपूर भागात मतदानातून आलेली, सगळ्यांची पंचायत ही तशी तरुण संस्था आहे. मालगुजारी संपली १९५१ मध्ये.

नगरपालिकांचे कायदे मात्र वरचेवर बदलत राहिले: १८८९, १९०३, आणि मग १९२२. या १९२२ च्या कायद्यावर इथल्या नगरपालिका पुढची चाळीसहून अधिक वर्षं चालल्या. नागपूर शहराची वाट त्यातून वेगळी झाली. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास आला. रस्ते, ले-आऊट, भूखंड हे विषय निवडून न आलेल्या संस्थेकडे गेले. १९४८ च्या कायद्याने शहराला महानगरपालिकेची वाट मोकळी झाली आणि १९५१ मध्ये ती प्रत्यक्षात आली. एकाच शहरात कर गोळा करणारी एक संस्था आणि जमिनीचं नियोजन करणारी दुसरी, ही जोडी तेव्हापासूनची. तिची सावली पुढे आसपासच्या गावांवर पडणार होती.

मधे एक प्रयोग होऊन गेला, त्याची आठवण आता फारशी कोणी काढत नाही. १९४८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडात जनपद सभा आल्या. द्वारकाप्रसाद मिश्र यांची ही योजना. जिल्हा कौन्सिल आणि लोकल बोर्डं मोडून प्रत्येक तहसिलीला एक जनपद, आणि सरकारी प्रशासन व स्थानिक स्वराज्य यांची सांगड तहसिलीच्याच पातळीवर. तहसिलीचं गाव हे त्या भागाचं लोकशाही केंद्र व्हावं, असा विचार त्यामागे होता. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६१ चा जिल्हा परिषद कायदा झाला, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि जनपद सभा इतिहासजमा झाल्या. सत्तेचं केंद्र तालुक्यावरून पुन्हा जिल्ह्यावर गेलं. तालुक्याचं गाव म्हणजे स्थानिक कारभाराचं नैसर्गिक ठाणं ही कल्पना मात्र अर्ध्या शतकानंतर वेगळ्या रूपात परत आली.

महाराष्ट्र झाल्यावर राज्यात तीन वारसे एकत्र नांदत होते: मुंबई इलाख्याचा, हैदराबादचा आणि आपला मध्य प्रांताचा. ते एका साच्यात बसवण्यासाठी १९६५ चा नगरपरिषद कायदा झाला आणि १९६७ मध्ये अमलात आला. लोकसंख्येनुसार वर्ग ठरले; आजच्या हिशेबाने एक लाखावर ‘अ’ वर्ग, चाळीस हजार ते लाख ‘ब’ वर्ग, त्याखाली ‘क’ वर्ग. मोवाड, मोहपा, खापा यांच्यासारख्या जुन्या छोट्या नगरपालिका ‘क’ वर्गात आल्या. नव्याने नगरपरिषद मागणाऱ्या गावाला मात्र आता आकड्याची अट पुरी करावी लागणार होती. वाडी आणि मोवाड यांच्यातला विरोधाभास कायद्यात पक्का झाला तो इथे.

घटनेची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने नागरी संस्थांचे तीन प्रकार ठरवले: मोठ्या शहराला महानगरपालिका, लहान शहराला नगरपरिषद, आणि ग्रामीणातून नागरी होत असलेल्या वस्तीला नगरपंचायत. हा तिसरा प्रकार नवा होता. गाव राहिलं नाही आणि शहरही झालं नाही, अशा जागेला घटनेत पहिल्यांदा स्वतःचं स्थान मिळालं. ते देताना लोकसंख्या, घनता, महसूल, शेतीबाहेरचा रोजगार, आर्थिक महत्त्व हे सगळं पाहायचं. महाराष्ट्राने आपल्या १९६५ च्या कायद्यात यासाठी ३४१-अ पासूनची कलमं घातली आणि दहा ते पंचवीस हजार लोकसंख्येची मर्यादा ठेवली. नियमित निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोग आला, महिलांना एक तृतीयांश जागा आल्या. त्या महाराष्ट्राने २०११ मध्ये निम्म्यावर नेल्या.

तरीही पहिली वीस वर्षं नागपूरच्या आसपास हालचाल फार झाली नाही. याचं कारण उघड आहे. गावाच्या हद्दीत कारखाना, वीज केंद्र, खाण असेल तर ग्रामपंचायतीचं उत्पन्न बरं असतं आणि ते सोडायला कोणी तयार नसतं. शिवाय ग्रामीण राहण्याचे फायदे आहेत. घरटॅक्स कमी. रोजगार हमीची कामं, ग्रामीण घरकुल, जिल्हा परिषदेचा निधी. आणि जिल्हा परिषदेच्या मतदारसंघाचं गणित. गाव नागरी झालं की तिथले मतदार जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या यादीतून बाहेर पडतात. कित्येक गावांचे प्रस्ताव अडले ते यात.

दुसरीकडे ले-आऊट पडत होते. जनगणना खातं अशा जागांना आपल्या निकषाने ‘शहर’ म्हणत होतं: पाच हजार लोकसंख्या, तीन चतुर्थांश पुरुष कामकरी शेतीबाहेर, दर चौरस किलोमीटरला चारशे माणसं. जनगणनेत शहर, कारभारात खेडं. हिंगणा एमआयडीसीभोवतालची वानाडोंगरी, डिगडोह, निलडोह ही त्याचीच उदाहरणं. मलवाहिनी, कचरा, अग्निशमन यांसाठी ग्रामपंचायतीकडे ना माणसं ना अधिकार, आणि बांधकामाची परवानगी तर भलत्याच दारात. २०१७ मध्ये नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आलं आणि ७१९ गावांचं नियोजन त्याच्याकडे गेलं. म्हणजे नाली तुंबली तर सरपंच, नकाशा मंजूर करायचा तर नागपूर. प्रन्यास आणि महापालिकेची शहरातली जुनी जोडी अशी गावात येऊन पोहोचली.

नगरपंचायतींची कोंडी मात्र त्याआधीच, २०१४ मध्ये, फुटली होती. जिथे नगरपरिषद नाही अशा सगळ्या तालुका मुख्यालयांना नगरपंचायत द्यायचं राज्य सरकारने ठरवलं. आपल्या जिल्ह्यात मौदा, कुही, भिवापूर, पारशिवनी, हिंगणा ही गावं त्यातून नगरपंचायती झाली. इथेही आकड्यापेक्षा तहसील कार्यालयाचा फलक निर्णायक ठरला. त्याच्या आगेमागे औद्योगिक पट्ट्यातल्या आणि शहरालगतच्या वस्त्या आल्या: कोराडीच्या वीज केंद्राजवळचं महादुला, कोळशाच्या पट्ट्यातलं कन्हान-पिपरी, वाडी, वानाडोंगरी, बुटीबोरी. आणि मग बेसा-पिपळा, बहादुरा, गोधनी रेल्वे, येरखेडा. यातल्या काही थेट नगरपरिषदा झाल्या.

प्रत्यक्ष स्थापना कशी होते, ते जरा बारकाईने सांगायला हवं, कारण लोकांचा हक्क ज्या एका टप्प्यावर असतो तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. सरकार आधी राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात उद्घोषणा काढतं: अमुक हद्दीची नगरपंचायत करण्याचा इरादा आहे. त्यानंतर किमान तीस दिवस कोणीही जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत देऊ शकतो. हद्द चुकली, शेतीची वाडी उगाच आत ओढली, शेजारची वस्ती बाहेर ठेवली, हे सांगायची वेळ हीच. अंतिम अधिसूचना निघाली की ग्रामपंचायत संपते. तिची मालमत्ता, देणी, दप्तर आणि कर्मचारी नव्या संस्थेकडे येतात आणि प्रशासक बसतो, बहुधा तहसीलदार. मग प्रभाग पाडले जातात. नगरपंचायतीला सतरा प्रभाग, प्रत्येकी एक नगरसेवक. आरक्षणाची सोडत निघते, मतदार यादी प्रभागवार फोडली जाते, निवडणूक होते.

कारभाराची धुरा मुख्याधिकाऱ्याकडे असते. तो राज्याच्या संवर्गातून येतो, गावाने नेमलेला नसतो. कर्मचाऱ्यांचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षं रेंगाळतो. सरकार आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा तक्ता, ठरवून देतं, त्यात पदं मोजकी आणि शैक्षणिक अटी ठरलेल्या. ग्रामपंचायतीत वीस वर्षं पाणी सोडणारा, नाल्या काढणारा माणूस समावेशनाच्या यादीत बसेल की नाही, याची धास्ती प्रत्येक नव्या नगरपंचायतीत असते. गाव ज्याच्या हातावर चाललं त्याला आधी सामावून घ्यावं आणि मग पुढचं बोलावं, असं माझं ठाम मत आहे.

पैशाचं चित्रही १८६७ पेक्षा उलटं आहे. जकात नगरपरिषदांमध्ये १९९९ ला बंद झाली आणि तिची जागा सरकारी अनुदानाने घेतली. आज नव्या नगरपंचायतीकडे स्वतःचा म्हणून मालमत्ता कर आणि पाणीपट्टी. त्यामुळे पहिलं मोठं काम येतं ते घरांच्या नव्या कर आकारणीचं, आणि पहिलं भांडणही तिथेच होतं. गावाच्या शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र मात्र जिल्हा परिषदेकडेच राहतात. तिथल्या मतदाराला जिल्हा परिषदेत मत नाही, पण त्याचं लेकरू शिकतं तिच्याच शाळेत.

या सगळ्या बदलात सगळ्यात मोठी गोष्ट हातातून जाते ती ग्रामसभा. गावात प्रत्येक मतदार तिचा सदस्य असतो. उभं राहून खर्चाचा हिशेब विचारता येतो, ठराव घालता येतो. नगरपंचायतीत सभा सतरा नगरसेवकांची, लोक बाहेर. ही उणीव भरून काढायला २००९ मध्ये महाराष्ट्राने क्षेत्रसभांची तरतूद केली, पण लहान गावांमध्ये ती रुजली नाही. बोलण्याची सवय असलेल्या गावाकडून बोलण्याची जागा काढून घेतली जाते, आणि त्याबद्दल उद्घोषणेत एक ओळही नसते.

भरीस भर म्हणजे निवडणुकाच लांबल्या. ओबीसी आरक्षणावर सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा निर्णय आला, पुढे प्रभागरचनेचे वाद झाले. कुही आणि हिंगण्याचं मतदान २०२१-२२ च्या टप्प्यात उरकलं. बाकी जिल्ह्यातल्या जुन्या नगरपरिषदांच्या मुदती संपल्या आणि तिथे जवळपास चार वर्षं प्रशासक राहिले. घटनेने पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक केली असताना हे घडलं. नव्याने झालेल्या काही नगरपंचायतींना तर आपलं पहिलं सभागृह पाहायलाच मिळालं नव्हतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचे आदेश दिले. २ डिसेंबर २०२५ ला जिल्ह्यातल्या पंधरा नगरपरिषदा आणि बारा नगरपंचायतींसाठी मतदानाचा दिवस ठरला, काही ठिकाणचं मतदान २० डिसेंबरवर गेलं, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशामुळे सगळी मतमोजणी २१ डिसेंबरला झाली. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडले गेले. यादीत मोवाड होतं, वाडीही होती, आणि बेसा-पिपळा, बहादुरा यांच्यासारखी कालपरवापर्यंत सातबाऱ्यावर नांदणारी गावंही होती. आता त्यांची करआकारणी, आकृतिबंध आणि विकास आराखडा हे तिन्ही विषय निवडून आलेल्या सभागृहापुढे यायचे आहेत.