चिंपांझी इबोलाचं घर नव्हे, बळी आहे

‘इबोला या जीवघेण्या तापाचा विषाणू राहतो तो चिंपांझी-गोरिलांच्या अंगात’ हे किती वर्षं ऐकतोय आपण. ते चुकीचं आहे.

1996 साली मध्य आफ्रिकेतल्या गॅबॉन देशात मायिबू गावच्या लोकांना जंगलात मेलेला चिंपांझी सापडला. त्यांनी तो सोलला, कापला, खाल्ला. त्यातून पसरलेल्या इबोलाच्या साथीत 21 जण दगावले आणि खापर चिंपांझीवर फुटलं. पण तो मेलेला होता, हे लक्षात घ्या! विषाणूला पिढ्यानपिढ्या सांभाळणारा प्राणी त्याच विषाणूने असा पटापट मरत नाही. गॅबॉनमधल्याच मिंकेबेच्या जंगलातून तर इबोलाच्या साथींनंतर गोरिला आणि चिंपांझी जवळजवळ दिसेनासे झाले.

मग घर कुणाचं? गॅबॉनमधल्या फ्रान्सव्हिल शहराच्या वैद्यकीय संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी 2005 मध्ये फळं खाणाऱ्या वटवाघळांच्या तीन जातींत खुणा दाखवल्या: काहींच्या रक्तात प्रतिपिंडं (विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं), काहींच्या यकृत-प्लीहेत विषाणूचे जनुकीय अंश. जिवंत इबोला विषाणू मात्र वटवाघळातून अजून वेगळा काढता आलेला नाही. म्हणजे संशय दाट, शिक्कामोर्तब बाकी.

म्हणून आता वटवाघळांच्या मागे काठ्या घेऊन लागू नका. रानातल्या कितीतरी झाडांच्या बिया तीच दूरवर नेऊन टाकतात. धोका असतो तो मेलेलं जनावर उघड्या हातांनी उचलण्यात, सोलण्यात. त्याला हात लावायचा नाही, आरोग्य खात्याला कळवायचं.