निगेटिव्ह म्हणजे नेमके काय? खाटेजवळच्या विषाणू चाचण्यांची पार्श्वभूमी

माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएंझाचा, म्हणजेच फ्लूचा विषाणू १९३३ मध्ये वेगळा करता आला. पुढे कित्येक दशके पक्के निदान म्हणजे लॅबमध्ये विषाणू वाढवून पाहणे (कल्चर), आणि त्याला दिवसच्या दिवस लागत. उपचार ठरवायला त्या रिपोर्टचा फारसा उपयोग नव्हता.

घाईची गरज निर्माण झाली ती फ्लूवरच्या औषधांमुळे. ओसेल्टामिविर आणि झानामिविर १९९९ मध्ये बाजारात आली. लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांत सुरू केली तर ती सर्वात जास्त उपयोगी, त्यामुळे निदान खाटेजवळच व्हायला हवे होते. त्याच सुमारास अँटिजेनच्या, म्हणजे विषाणूची प्रथिने ओळखणाऱ्या पट्ट्या दवाखान्यांत पोहोचल्या. नाकातला स्वॅब द्रावणात घोळवायचा, थेंब पट्टीवर सोडायचे. द्रव कागदातून सरकतो. त्यात विषाणूची प्रथिने असतील तर रंगीत कण जोडलेली प्रतिपिंडे त्यांना धरतात आणि ठरलेल्या जागी रेघ उमटते. पट्टीवरची दुसरी, 'सी'ची (कंट्रोलची) रेघ एवढेच सांगते की पट्टी नीट चालली. नमुना चांगला घेतला होता की नाही, हे ती सांगत नाही. फिकट रेघही पॉझिटिव्हच, पण दिलेल्या वेळेनंतर उमटलेली रेघ धरायची नसते. गडबडीच्या वॉर्डात नेमकी हीच वेळ चुकते.

खरा घोळ 'संवेदनशीलता' या शब्दाचा आहे. शंभर बाधितांपैकी पट्टीने किती पकडले, हा तिचा अर्थ. पण ते शंभर बाधित ठरवले कोणी? सुरुवातीच्या पट्ट्या बहुतेकदा कल्चरशी ताडून पाहिल्या गेल्या. वाहतुकीत नमुना खराब झाला की कल्चरलाही विषाणू सापडत नाही, आणि तो रुग्ण बाधितांच्या हिशेबातच येत नाही. साहजिकच पट्टीचे आकडे चांगले दिसतात. विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या पीसीआर चाचणीशी तुलना सुरू झाली आणि तेच आकडे घसरले. २००९ च्या साथीत नव्या एच१एन१ (स्वाइन फ्लू) साठी वेगवेगळ्या अभ्यासांत संवेदनशीलता १० ते ७० टक्के निघाली. निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबून औषध रोखू नका, असे डॉक्टरांना बजावावे लागले.

हिशेब करून पाहू. साथीच्या भरात शंभर तापकऱ्यांपैकी ४० जणांना फ्लू आहे, पट्टी ६० टक्के संवेदनशील आहे आणि फ्लू नसलेल्यांना ती जवळपास कधीच चुकून पॉझिटिव्ह दाखवत नाही, असे धरू. २४ जण सापडतात, १६ सुटतात. निगेटिव्ह आलेल्या साधारण ७५ जणांत हे १६ मिसळलेले असतात, म्हणजे दर पाचांत एक.

अमेरिकेच्या नियामकाने २०१७ मध्ये या पट्ट्या वरच्या, कडक वर्गात टाकल्या. पीसीआरसारख्या रेणवीय चाचणीशी ताडल्यास किमान ८० टक्के संवेदनशीलता हवी आणि दरवर्षी नव्या विषाणूंवर पट्टी पुन्हा तपासायला हवी, अशी अट घातली. पीसीआर मृत विषाणूचे अवशेषही पकडते, मग तो मापदंड पट्टीवर अन्याय नाही का, असा मुद्दा यावर मांडला जातो. लागण पसरण्याची शक्यता मोजायची असेल तर तो रास्त आहे. पण समोर धाप लागलेला रुग्ण असताना प्रश्न त्याला आजार आहे का, हा असतो. माझ्या मते निर्णय बरोबर होता आणि २००९ नंतर तो यायला आठ वर्षे लागली, ही फार मोठी दिरंगाई होती.

तोवर दुसरी वाट खुली झाली होती. सुमारे १५ मिनिटांत जनुकीय द्रव्य वाढवून फ्लू ओळखणाऱ्या छोट्या यंत्राला २०१५ मध्ये अमेरिकेत साध्या दवाखान्यांसाठी परवानगी मिळाली. मग अनेक विषाणू एकदम शोधणारी यंत्रे वॉर्डात आली. अशा यंत्राने केलेली तपासणी आणि नेहमीची पद्धत यांची तुलना करणाऱ्या, ब्रिटनमधल्या ७२० रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. प्रतिजैविके मिळालेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, सुमारे ८४ टक्के. कारण रिपोर्ट येण्याआधीच बहुतेकांना पहिला डोस दिला गेला होता. मात्र यंत्र वापरलेल्या गटात अनेकांचा कोर्स लवकर थांबला आणि रुग्णालयातला मुक्काम सरासरी एका दिवसाने कमी झाला.

कोविडमध्ये जुना वाद परतला. २०२० मध्ये जागतिक पातळीवर अँटिजेन पट्ट्यांसाठी किमान ८० टक्के संवेदनशीलता आणि बाधा नसलेल्यांपैकी किमान ९७ टक्क्यांना निगेटिव्ह निकाल, असा निकष ठरला. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या एका रुग्णालयात खाटेजवळच्या रेणवीय चाचणीचा निकाल साधारण १.७ तासांत मिळत होता, तर लॅबच्या पीसीआरला २१.३ तास लागत होते. मधले एकोणीस-वीस तास संशयित रुग्णाला कोणत्या वॉर्डात ठेवायचे, याचे उत्तर लॅबकडे नव्हते.