मणक्यातला पंप की करंटचं मशीन? दोन्ही एकच नव्हेत ओ

आमच्या मामांच्या कंबरेचं ऑपरेशन दोनदा झालं तरी पायातली कळ काय जाईना, शेवटी डॉक्टर म्हणाले मणक्यात मशीन बसवू, आणि रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या मंडळींत चर्चा सुरू, कोण म्हणतंय पंप, कोण म्हणतंय करंट. गोंधळ होणारच, कारण दोन्हीत कातडीखाली एक डबी बसते आणि तिथनं काहीतरी मणक्यात जातं.

पंपाच्या डबीत औषध असतं, बहुतेक वेळा मॉर्फिन. बारीक नळीतनं ते मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात थेंबथेंब पडतं. उसाला पाटानं पाणी सोडणं आणि ठिबक, तसाच फरक गोळीत आणि पंपात. गोळी अख्ख्या अंगात फिरून येते, पंपाचं औषध थेट मुळाशी, म्हणून ढोबळ हिशेबानं तोंडावाटे ३०० मिलिग्रॅम मॉर्फिन लागत असेल तिथं १ मिलिग्रॅम पुरतं. गुंगी, पोट साफ न होणं, हा त्रासही बऱ्याचदा कमी होतो.

करंटच्या मशीनला स्टिम्युलेटर म्हणतात, त्यात औषधाचा टिपूस नाही. मणक्यात बसवलेल्या तारा हलका करंट देतात. कोपर आपटलं की आपण चोळतो आणि बरं वाटतं ना, साधारण तीच आयडिया. मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ ला ही गेट थिअरी, म्हणजे दुसरी संवेदना दुखण्याची वाट अडवते ही कल्पना, मांडली आणि दोनच वर्षांत पहिलं मशीन माणसात बसलंसुद्धा.

आता खरी गोम. पंप रिकामा होतो! दर एक ते तीन महिन्यांनी कातडीतनं सुई घालून भरावा लागतो, आणि तारीख चुकवून चालत नाही. अंग ताठ होणाऱ्या पेशंटना त्यात बॅक्लोफेन नावाचं अंग सैल करणारं औषध देतात, ते अचानक थांबलं तर जोराचा ताप, अंग लाकडासारखं, जिवावर बेततं. मग पंप भरायला कोल्हापूरहून पुण्याला जायचं असेल तर दर खेपेला २३० किलोमीटर कोण नेणार, हे आधी घरात ठरवा. स्टिम्युलेटर बंद पडला तर दुखणं परत येतं एवढंच, आणि चार्जिंगवाला असेल तर घरीच चार्ज होतो.

कॅन्सरच्या दुखण्याला पंप जास्त, आणि ऑपरेशननंतर राहिलेल्या नसांच्या कळेला, म्हणजे मामांसारख्यांना, आधी स्टिम्युलेटर सुचवतात. दोन्हीची ट्रायल आधी होते. स्टिम्युलेटरची आठवडाभर, तारा बाहेर ठेवून, आणि तेवढे दिवस आंघोळ नाही. मामा अडलेत ते तिथंच.