टर्बो विकत घेण्याआधी गाडी दाखवा
रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी मोठा टर्बो निवडताना : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

"अमुक टर्बो स्वस्तात मिळतोय, घेऊ का?" असे फोन सतत येतात. त्याहून जास्त वेळा माणूस टर्बो घेऊनच दारात उभा असतो. डिक्कीत गोणपाटात गुंडाळलेला टर्बो आणि "दादा, एवढा बसवून द्या." ऑनलाइन किंवा पुण्या-मुंबईत घेतलेला, बऱ्याचदा वापरलेला आणि जवळजवळ नेहमीच इंजिनाच्या मानानं मोठा. पैसे देऊन झालेले असतात, त्यामुळे आमचं 'नको' कुणालाच रुचत नाही. तुमचा वेळ जातो, आमचा रॅम्प अडकतो. ही एक चूक टळावी म्हणून हे पत्रक. टर्बो धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबतो. त्या वाढीव दाबाला बूस्ट म्हणतात, आणि इंटरकूलर ती तापलेली हवा थंड करतो. एवढं ठाऊक आहे असं धरून पुढचं लिहिलंय.

ग्राहक विचारतात, किती बीएचपी (इंजिनाची ताकद) मिळतील? आम्ही विचारतो, गाडी फिरते कुठे? साताऱ्यातल्या बहुतेकांचं उत्तर सारखंच असतं: रोज पोवई नाका ते एमआयडीसी, सुट्टीला कास नाहीतर पाचगणी, अधूनमधून हायवेनं पुणे. या सगळ्यात इंजिन बहुतेक वेळ 1800 ते 4500 आरपीएममध्ये (मिनिटाला फेरे) असतं. यवतेश्वर घाटातल्या वळणावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, 2300 आरपीएमवर असते. तिथे पाय दाबला की ताकद तिथेच हवी. मोठ्या टर्बोची गाडी तेव्हा नुसती घरघरते, आणि 4000 ला बूस्ट येतो तेव्हा पुढचं वळण समोर असतं. डायनोच्या (ताकद मोजण्याच्या यंत्राच्या) कागदावर आकडा मोठा दिसतो, पण घाटात तीच गाडी कंपनीच्या गाडीपेक्षा मंद वाटते.

निवडीचा हिशोब हवेच्या वजनाचा आहे. पेट्रोल इंजिनाला दर 10 बीएचपीमागे मिनिटाला साधारण 450 ग्रॅम हवा लागते. लिनिया टी-जेटचं 1.4 लिटरचं इंजिन घ्या. कंपनीनं ते साधारण 114 बीएचपीला दिलं, अबार्थ पुंटोत तेच इंजिन 145 ला. इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरला हवा वाटणाऱ्या पाइपात, एकूण दाब 2 बार, म्हणजे आपण बोलतो तो 1 बार बूस्ट, आणि इंटरकूलर नीट असेल, तर 6000 आरपीएमला हे इंजिन मिनिटाला 8 किलोच्या आसपास हवा ओढतं. म्हणजे 175-180 बीएचपी. त्याला 350 बीएचपीचा, 16 किलो हवेचा टर्बो लावून त्यातली अर्धी क्षमता कधी वापरातच येणार नाही. उलट 3000 आरपीएमला इंजिन 4 किलोच हवा घेतं. तिथे एवढ्या टर्बोचा बूस्ट बनत नाही, आणि टर्बाइनचं हाउसिंग (धुरानं फिरणाऱ्या चाकाचं कवच) लहान करून तो बनवायला लावला तर हवा मागे फिरते. फडफड आवाज येतो तो सर्ज. काही पोरांना तो आवाज आवडतो, पण शाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर त्याचे घाव बसत असतात.

याचा अर्थ लहानातला लहान टर्बो घ्यावा असाही नाही, आणि इथे आपल्या भागाची एक गोष्ट येते. सातारा समुद्रसपाटीपासून 700 मीटरच्या आसपास, महाबळेश्वर 1350 च्या. हवेचा दाब साताऱ्यात साधारण 8 टक्के कमी, महाबळेश्वरला 15 टक्के. मॅनिफोल्डमध्ये तेच 2 बार राखायचे तर मुंबईत टर्बोला हवा जेमतेम दुप्पट दाबावी लागते, साताऱ्यात 2.15 पट, महाबळेश्वरला 2.3 पट. त्यासाठी शाफ्ट जास्त वेगानं फिरतो, आणि लहान टर्बो आधीच मिनिटाला दोन लाखांवर फेरे घेत असतो. मुंबईत केलेला कडक रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली बदललेली सेटिंग) घेऊन कुणी पसरणी घाट चढला की टर्बो मर्यादेच्या पलीकडे जातो, हवा जास्त तापते, इंजिन नॉक करतं, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटतं. म्हणून आम्ही नकाशावर, म्हणजे टर्बो किती दाबाला किती हवा देतो हे दाखवणाऱ्या, कंपनी देते त्या कॉम्प्रेसर मॅपवर, तुमच्या गाडीचे बिंदू महाबळेश्वरच्या हवेचे धरून मांडतो. वर थोडी जागा उरली पाहिजे, खाली सर्जच्या रेषेपासून अंतर पाहिजे. ज्याला घाट चढायचाच नाही त्याच्यासाठी हिशोब वेगळा करू.

गरम बाजूचा, म्हणजे टर्बाइनच्या हाउसिंगमधली धुराची वाट किती मोठी ते सांगणारा, ए/आर आकडाही याच कामाचा. लहान ए/आर लवकर फिरतो पण वरच्या आरपीएमला धूर कोंडतो, मोठा उलट. रस्त्यावरच्या गाडीला आम्ही लहानाकडे झुकतो. बहुतेकांना मूळ हाउसिंगमध्ये मोठी चाकं बसवलेला हायब्रिड टर्बो पुरतो. मॅनिफोल्ड, डाउनपाइप, ब्रॅकेट सगळं जागच्या जागी राहतं, आणि बॅलन्सिंगचा ग्राफ आम्ही बिलासोबत देतो.

टर्बोआधी गिअरबॉक्स बघा. ऑक्टाव्हिया 1.8 टीएसआयचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) 250 न्यूटन मीटरसाठी बनवलेला आहे, आणि कंपनीचं इंजिनच तेवढा टॉर्क देतं. अशा गाडीला मोठा टर्बो लावायला आम्ही नाही म्हणतो, कारण वाढलेला टॉर्क आधी क्लच खातो.

'फक्त बसवून द्या' असं काम आम्ही घेत नाही, यावरून थोडी नाराजी असते. कारण सांगतो. खराब झालेला टर्बो उघडला की अनेकदा ऑइलच्या भोकात वाळलेल्या गमचा तुकडा सापडतो, बोटानं निघेल एवढा. पॅकिंगऐवजी कुणीतरी सिलिकॉन लावलेलं असतं. बॉल बेअरिंगच्या टर्बोला ऑइल लाइनमध्ये साधारण 1 मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर (ऑइल कमी सोडणारं बारीक भोक) लागतो, साध्या बेअरिंगच्या टर्बोला तोच लावला तर तो ऑइलविना मरतो. परतीचा पाइप जाड, सरळ उताराचा आणि संपमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातल्या) ऑइलच्या पातळीच्या वर सुटणारा हवा. टर्बोच्या शाफ्टला रबरी सील नसतं, पिस्टन रिंगसारखी बारीक रिंग असते. ऑइल तुंबलं की ते तिथून निघतं, निळा धूर येतो, आणि नवा टर्बो 'खराब निघाला' म्हणून परत येतो. म्हणून फीड लाइन, ड्रेन, पॅकिंग नवीन आणि चालू करण्याआधी टर्बोत ऑइल भरणं हे आमच्या दरात धरलेलंच असतं. ते वगळून स्वस्त करून मिळणार नाही.

कायद्याचंही आधीच सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीत असे बदल मनानं करता येत नाहीत. आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा. कंपनीची वॉरंटी चालू असेल तर ती संपेपर्यंत थांबा, आम्ही घाई करणार नाही.

येताना गाडी नेहमीच्या पेट्रोलवर आणा, आधी झालेल्या रिमॅपचं बिल किंवा फाइल असेल तर सोबत घ्या, आणि ऑइल कधी बदललं ते लिहून आणा. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून आम्ही गाडीला लॅपटॉप जोडतो आणि यवतेश्वरपर्यंत तुमच्यासोबत एक फेरी मारून बूस्ट, इग्निशन आणि हवेच्या तापमानाचं लॉग (चालत्या गाडीतली नोंद) घेतो. काही गाड्यांत त्यावरून इंटरकूलरचा गळका पाइपच सापडतो आणि टर्बो बदलायची गरजच उरत नाही. लॉगचे पैसे वेगळे लागतात. टर्बोचं काम आमच्याकडे केलंत तर ते बिलातून वजा होतात. टर्बो आधीच घेतला असेल तरी आणा, पण त्याच्यावरची नंबरची पट्टी काढू नका आणि नंबर पुसू नका. नंबरावरून तो तुमच्या इंजिनाला चालेल की नाही हे त्याच दिवशी सांगता येतं.