पॉवर अ‍ॅम्प घेऊ की पॉवर्ड स्पीकर? आधी कॅब-सिम कुठं आहे ते बघा

नागपूरच्या बर्डीवर गिटारचं सामान बघत फिरणारा कॉलेजचा पोरगा असो की ऑर्केस्ट्रात केस पिकवलेले एखादे भाऊ, मल्टि-इफेक्ट प्रोसेसर, म्हणजे निरनिराळे इफेक्ट आणि अ‍ॅम्पची नक्कल एकाच डब्यात देणारं यंत्र, घेतला की पुढचा प्रश्न ठरलेला: "आता पॉवर अ‍ॅम्प किती वॉटचा घेऊ?" लगेच चार जण चार आकडे सांगतात. त्या अ‍ॅम्पला पुढे कोणता स्पीकर जोडणार, हे मात्र कोणी विचारत नाही. मग पंधरा दिवसांनी फोन येतो, "भाऊ, प्रोसेसर खराब निघाला वाटते. डिस्टॉर्शन लावलं की नुसता चरचर करून राह्यला." प्रोसेसर ठणठणीत असतो. पिकअपही चांगले असतात. पॉवर अ‍ॅम्प अधिक गिटार कॅबिनेट ही एक गोष्ट आणि पॉवर्ड स्पीकर ही दुसरी, या दोन्हींना "आवाज मोठा करणारं यंत्र" समजून एकाच खात्यात टाकल्याचा तो परिणाम आहे.

पॉवर्ड स्पीकर सगळ्यांनी पाहिला आहे, त्यावर वेळ घालवत नाही. लग्नाच्या लॉनवर किंवा गॅदरिंगला स्टँडवर उभा असणारा काळा डबा. आत अ‍ॅम्प, खालच्या आवाजाला एक वूफर, वरच्या बारीक आवाजाला हॉर्न. गायक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड सगळे त्यातून वाजतात. गिटारवाल्यांना 'एफआरएफआर' (फुल रेंज, फ्लॅट रिस्पॉन्स) या नावाने जो विकला जातो तो जवळपास हाच. बरेचदा फक्त जाळी बदललेली असते आणि किंमत.

पॉवर अ‍ॅम्पमध्ये स्पीकर नसतो. प्रीअ‍ॅम्प किंवा प्रोसेसरकडून आलेला लाइन पातळीचा सिग्नल मोठा करायचा आणि स्पीकर हलवण्याइतकी ताकद त्यात भरायची, एवढंच त्याचं काम. गिटारवाला तो घेतो ते गिटार कॅबिनेटसाठी, म्हणजे नुसते स्पीकर बसवलेल्या पेटीसाठी: १×१२ (बारा इंची एक स्पीकर), २×१२ किंवा जुनं मार्शल-पद्धतीचं ४×१२.

आता खरी गोम. गिटारचा स्पीकर हा 'चांगला' स्पीकर नाही. कागदी कोन, बारा इंच, ट्वीटर नाही. सेलेशनचा व्हिंटेज ३० घ्या, जगभर वापरला जातो. त्याची कंपनीनेच दिलेली कक्षा ७० ते ५,००० हर्ट्झ आहे. माणसाचा कान २०,००० पर्यंत जातो, म्हणजे वरचा मोठा पट्टा हा स्पीकर जवळपास कापूनच टाकतो. हिशेबाने हा दोष. पण गेल्या सत्तरेक वर्षांत आपण ज्याला इलेक्ट्रिक गिटारचा आवाज म्हणत आलो, तो या दोषातून गाळून आलेला आवाज आहे.

हे इतकं महत्त्वाचं का? गिटारचे मूळ स्वर फार वर जात नाहीत. सगळ्यात खालची ई सुमारे ८२ हर्ट्झ, २२ व्या पडद्यावरचा सगळ्यात वरचा स्वर १,२०० हर्ट्झच्याही खाली. त्यावरचं सगळं म्हणजे उपस्वर. क्लीन वाजवताना वरचे उपस्वर क्षीण असतात, त्यामुळे चूक लपून जाते. दुकानात प्रोसेसर क्लीन आवाजावर तपासून "मस्त आहे" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. डिस्टॉर्शनमध्ये लाटेची टोकं छाटली जातात आणि त्या छाटण्यातून नवे उपस्वर तयार होतात, पार १०,००० हर्ट्झच्या वरपर्यंत. गिटार स्पीकर ते गिळून टाकतो. पॉवर्ड स्पीकरचा हॉर्न मात्र ते प्रामाणिकपणे वाजवतो, कारण सगळं वाजवायलाच तो बनवला आहे. मग पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशा कोंडल्यासारखा आवाज येतो.

म्हणून प्रोसेसरमध्ये कॅब सिम्युलेशन, म्हणजे कॅबिनेटची नक्कल, असतं. बोलताना 'कॅब-सिम' किंवा 'आयआर' (इम्पल्स रिस्पॉन्स) म्हणतात. त्यात नुसता स्पीकर नसतो. कॅबिनेटची पेटी आणि त्यासमोर धरलेला माईक, बहुतेकदा शुअर एसएम-५७ सारखा, हे सगळं मिळून जो आवाज होतो त्याचा तो ठसा असतो. पॉवर्ड स्पीकर, मिक्सर, हेडफोन, रेकॉर्डिंग, यातल्या कशातही जाताना तो चालू हवा. पॉवर अ‍ॅम्पमधून खऱ्या गिटार कॅबिनेटमध्ये जाताना तो बंद हवा, कारण गाळणारा स्पीकर तिथे खराखुरा बसलेला आहे.

साखळीत कॅबिनेट एकदाच. शून्य वेळा असलं तर चरचर, दोन वेळा असलं तर बद्द आणि दबलेला आवाज. दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट, कारण ती लगेच कळत नाही. माणूस ट्रेबल वाढवतो, मग प्रेझेन्स वाढवतो, मग पॉवर अ‍ॅम्पमध्ये दम नाही म्हणून विकायला काढतो, आणि मेनूतला कॅब ब्लॉक अजून चालूच असतो. फॅक्टरी पॅच, म्हणजे कंपनीने आधीच भरून दिलेले आवाज, जवळपास सगळे कॅब-सिमसकट येतात, हे विसरू नका. काही यंत्रांत हे एकाच जागेवरून ठरतं. बॉसच्या अनेक प्रोसेसरांत 'आउटपुट सिलेक्ट' असतं, तिथे तुम्ही कशाला जोडलं आहे ते खरं खरं सांगावं लागतं. इतर यंत्रांत प्रत्येक पॅचमध्ये जाऊन कॅबचा ब्लॉक बंद करावा लागतो. कंटाळवाणं काम आहे. करा.

यातूनच निघणारी आणखी एक अडचण स्टेजवर येते. मागे तुमचं कॅबिनेट वाजतंय, आणि साऊंडवाला म्हणतो, "दादा, एक लाइन मला द्या." तुम्ही तीच कॅब-सिम बंद असलेली लाइन मिक्सरला देता. स्टेजवर तुम्हाला आवाज झकास ऐकू येतो आणि देशपांडे सभागृहाच्या शेवटच्या रांगेत लोक कानावर हात ठेवतात. दोन वेगळे आउटपुट वेगळे ठेवता येतील असाच प्रोसेसर घ्या: एक कॅब-सिमशिवाय पॉवर अ‍ॅम्पला, दुसरा कॅब-सिमसकट मिक्सरला. तसं जमत नसेल तर कॅबिनेटसमोर माईक लावा. पॉवर अ‍ॅम्पच्या स्पीकर आउटपुटमधून तार काढून मिक्सरला द्यायचा जुगाड तर मुळीच नको. अनेक क्लास-डी, म्हणजे हलक्या आधुनिक जातीच्या, अ‍ॅम्पांत स्पीकरची दोन्ही टोकं जिवंत असतात, त्यातलं एकही ग्राउंड नसतं.

कॉम्बो अ‍ॅम्प ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे पॉवर अ‍ॅम्प आधीच आहे. मागे 'रिटर्न' किंवा 'पॉवर अ‍ॅम्प इन' असं भोक असेल तर प्रोसेसर तिथे घाला. लोक समोरच्या इनपुटमध्ये अख्खा अ‍ॅम्प मॉडेल घालतात, म्हणजे प्रीअ‍ॅम्पवर प्रीअ‍ॅम्प, आणि वर कॅब-सिमही चालू. हे पाहिलं की माझं डोकं फिरतं. भाड्याच्या सामानात हमखास दिसणारा रोलँडचा जेसी-१२० यासाठी उत्तम. १९७५ पासून बनतो आहे, ६० अधिक ६० वॉट, दोन बारा इंची स्पीकर.

बाकीचे फरक झटपट. पॉवर्ड स्पीकरला वीज जोडली की काम संपलं. कॅबिनेट वजनाने जड आणि पाठ धरायला लावणारं. पॉवर्ड स्पीकरमधून ऐकू येते ती माईक लावलेली, रेकॉर्ड झाल्यासारखी गिटार. कॅबिनेटमधून समोर उभ्या असलेल्या अ‍ॅम्पचा धक्का येतो. एकाच कार्यक्रमात दहा प्रकारचे आवाज आणि मधूनच अकूस्टिक लागत असेल, म्हणजे ऑर्केस्ट्रावाले असाल, तर पॉवर्ड स्पीकर घ्या आणि मोकळे व्हा. स्वतःचा बँड, एकच ठरलेला आवाज, आणि मागून हवा अंगावर आली पाहिजे असा हट्ट असेल तर पॉवर अ‍ॅम्प आणि एक बरं २×१२. मी दुसऱ्या गटातला.

आता वॉट. दुप्पट वॉट म्हणजे फक्त ३ डेसिबलची वाढ. ९७ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरऐवजी १०० चा लावला तर तेवढीच वाढ अ‍ॅम्प न बदलता मिळते. पॉवर्ड स्पीकरच्या खोक्यावर छापलेला 'पीक' आकडा तर सरळ दुर्लक्षित करा. पॉवर अ‍ॅम्पवरचा आकडा किती ओहमला (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) आहे ते बघा. सेमूर डंकनच्या पॉवरस्टेज १७० मधला १७० हा ४ ओहमचा; ८ ओहमच्या कॅबिनेटवर हिशेब जवळपास निम्म्यावर येतो. तरीही व्हिंटेज ३० एकटाच असेल तर त्याची क्षमता ६० वॉट आहे, नॉब जपून फिरवा.

सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवाल्या) आणि क्लास-डी अ‍ॅम्पला लिहिलेल्या किमान ओहमच्या खाली जायचं नाही, वर गेलेलं चालतं. ट्यूब अ‍ॅम्पला ओहम जुळवावे लागतात, आणि स्पीकर न जोडता तो वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. "पॉवर अ‍ॅम्प ट्यूबचाच हवा" हा हेका प्रोसेसरवाल्यांनी सोडावा. ट्यूब स्पीकरवर सैल पकड ठेवतो, त्यामुळे खालचा घुमार आणि वरची धार फुगते, हे खरं. पण तो परिणाम प्रोसेसरच्या पॉवर अ‍ॅम्प मॉडेलमध्ये आधीच घातलेला असतो. शिवाय मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना, लॉनवरच्या जनरेटरवर, चार ट्यूब तापवायची हौस ज्याची त्याने भागवावी.

अ‍ॅम्पपासून कॅबिनेटपर्यंत स्पीकर केबलच लावा, गिटारची नाही. दोन्हींचे जॅक सारखे दिसतात, पण गिटार केबलची आतली तार बारीक असते आणि एवढा करंट वाहायला ती बनवलेली नाही.

राहता राहिला नेहमीचा प्रश्न: मंडळाचा जुना पी.ए. अ‍ॅम्प पॉवर अ‍ॅम्प म्हणून चालेल का? गिटार कॅबिनेटवर चालतो, आणि वाटतो त्यापेक्षा बरा चालतो. प्रोसेसर त्याच्या माईक इनपुटमध्ये न घालता लाइन किंवा ऑक्समध्ये घाला, टोनचे नॉब मध्यावर ठेवा. मागच्या पट्टीवर ४, ८, १६ ओहमच्या शेजारी ७० आणि १०० व्होल्टचे स्क्रू असतात. ते ट्रान्सफॉर्मर बसवलेल्या भोंग्यांसाठी. कॅबिनेटची तार ८ ओहमच्या स्क्रूला, आणि कॅबिनेटच्या मागे खरंच ८ लिहिलंय का ते टॉर्च लावून बघून.