थांब्यांचा क्रम कोणी लावायचा? ऑनलाइन नकाशांवरील बहुथांबा मार्गाची पार्श्वभूमी

पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन अष्टविनायकाला निघणाऱ्या कुटुंबाला गूगल मॅपवर सबंध यात्रा एका मार्गात मांडता येते, पण जेमतेम. निघताना पुणे, मग आठ गणपती आणि परत पुणे असे दहा बिंदू होतात आणि या नकाशाच्या विनामूल्य रूपात एका मार्गात तेवढेच बिंदू मावतात. मोरगावपासून सुरुवात करून शेवटी पुन्हा मोरगावलाच येण्याची परंपरा पाळायची ठरवली, तर अकरावा बिंदू लागतो आणि तो घेतला जात नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की नावे ज्या क्रमाने भरावीत त्याच क्रमाने मार्ग आखला जातो. कोणता गणपती आधी घेतला म्हणजे फेरा वाचेल, याविषयी नकाशा काहीही सांगत नाही. दहाची मर्यादा आणि क्रमाबाबतचे हे मौन केवळ तांत्रिक अडचणीतून आलेले नाही; त्यामागे बऱ्याच वर्षांत झालेले निर्णय आहेत.

प्रश्नाची गणिती बाजू जुनी आहे. अनेक गावे फिरून परत घरी येणाऱ्या विक्रेत्याने कोणत्या क्रमाने जावे, हा प्रश्न १९३० च्या दशकात गणितज्ञांच्या चर्चेत आला आणि १९५४ मध्ये अमेरिकेतील तीन संशोधकांनी ४९ शहरांचा सर्वांत छोटा फेरा सिद्ध करून दाखवला. १९५९ मध्ये दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. एकात दोन ठिकाणांमधला लघुतम मार्ग शोधण्याची आजही पायाभूत मानली जाणारी रीत होती, तर दुसऱ्यात पेट्रोल पंपांना इंधन पोचवणाऱ्या टँकरांच्या फेऱ्या कशा आखाव्यात याचा विचार होता. वरवर पाहता हे दोन्ही प्रश्न सारखेच वाटतात. प्रत्यक्षात पहिला प्रश्न रस्त्यांचे जाळे कितीही वाढले तरी आवाक्यात राहतो, आणि दुसरा प्रत्येक नव्या थांब्यागणिक अनेक पटींनी फुगतो. ऑनलाइन नकाशे उभे राहिले ते पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर. ‘इथून तिथे कसे जायचे’ हाच त्यांचा मूळ विषय होता आणि अनेक थांबे ही त्याला मागाहून जोडलेली सोय होती.

घरापासून घरापर्यंतचा मार्ग सांगणारी संकेतस्थळे १९९६ पासून लोकप्रिय होऊ लागली. मे २००० मध्ये अमेरिकी सरकारने नागरी जीपीएस संकेतांमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकल्यावर, गाडी नेमकी कोणत्या रस्त्यावर आहे हे साध्या उपकरणालाही कळू लागले. गूगल मॅप्स फेब्रुवारी २००५ मध्ये सुरू झाले. २००७ च्या सुमारास त्यात एकापुढे एक ठिकाणे जोडता येऊ लागली, आणि त्याच वर्षी मार्गाची निळी रेघ माउसने ओढून हव्या त्या रस्त्यावर नेण्याची सोय आली. संगणकासमोर बसून सहल आखणाऱ्यांना ही दोन्ही साधने मनापासून आवडली, आणि ते योग्यच होते.

त्यामुळे २०१३ मध्ये जे झाले ते अनेकांना खटकले. त्या वर्षी नकाशाची नवी मांडणी आली तेव्हा अनेक ठिकाणे जोडण्याची सोय तिच्यात सुरुवातीला नव्हतीच. ती नोव्हेंबरमध्ये परत आली. फोनवर ती यायला आणखी वेळ लागला आणि २०१६ च्या मध्यापासून पुढे ती आधी अँड्रॉइडवर, मग आयफोनवर मिळाली. मधल्या वर्षांत लोक घरी संगणकावर फेरा ठरवत, कागदावर क्रम लिहून घेत आणि गाडीत बसल्यावर फोनमध्ये एकेक ठिकाण नव्याने टाकत. ज्या उपकरणाची गाडीत खरी गरज होती त्याच उपकरणावर ही सोय सर्वांत उशिरा पोचली, यावरून तिला किती दुय्यम लेखले जात होते हे दिसते.

आता मुख्य वादाचा मुद्दा. क्रम लावून देण्याचे तंत्र गूगल कंपनीकडे नाही असे मुळीच नाही. इतर सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना ती जी मार्गसेवा विकते, तिच्यात सुरुवातीचे आणि शेवटचे ठिकाण ठरवून दिले की मधले थांबे सोयीच्या क्रमाने लावून मिळतात आणि मधल्या थांब्यांची संख्याही २५ पर्यंत नेता येते. दहापर्यंतच्या साध्या थांब्यांना एक दर आहे. अकरापासून पंचवीसपर्यंतचे थांबे, किंवा क्रम लावून मागितलेला मार्ग, यांना वरचा दर आहे. म्हणजे सर्वसामान्यांच्या हातातील नकाशात जे दोन दरवाजे बंद आहेत, तेच व्यावसायिक सेवेत जादा पैसे मोजल्यावर उघडतात.

या निर्णयाच्या बाजूने जे मुद्दे मांडले जातात त्यांतला एक गणनेच्या खर्चाचा आहे आणि तो नीट तपासला पाहिजे. आठ ठिकाणांचे क्रम ४०,३२० होतात, नऊ ठिकाणांचे ३,६२,८८०. आजच्या साध्या फोनलाही हे सगळे क्रम एकेक करून तपासणे जड नाही. खरा खर्च वेगळ्या जागी आहे. क्रम ठरवण्याआधी प्रत्येक ठिकाणाहून प्रत्येक दुसऱ्या ठिकाणी जायला किती वेळ लागतो हे माहीत असावे लागते. पुणे आणि आठ गणपती अशी नऊ ठिकाणे धरली, तर जाण्याचे आणि येण्याचे अंतर वेगळे मोजून ७२ मार्ग काढावे लागतात. वापरकर्त्याने क्रम दिला असेल तर फक्त नऊ. आठपट काम लागते हे खरे आहे आणि कोट्यवधी लोक रोज मार्ग विचारत असतील तर ते दुर्लक्ष करण्यासारखे नाही. तरीही अनेक थांबे टाकणारे लोक एकूण वापरकर्त्यांत थोडेच असणार आणि त्यांतही क्रम लावून मागणारे त्याहून थोडे. अशा सोयीसाठी वेगळे बटण ठेवले असते तर हा भार पेलवला नसता, असे म्हणणे पटत नाही.

दुसरा मुद्दा अधिक सबळ आहे. माणसाने दिलेल्या क्रमाला अनेकदा स्वतःचे कारण असते. अष्टविनायकाचा शास्त्रोक्त क्रम मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर आणि रांजणगाव असा सांगितला जातो. नकाशावर तो पाहिला की सिद्धटेकला भीमेच्या काठावरून निघून थेट घाट उतरून कोकणात पालीला जायचे, आणि महडहून घाट चढून पुण्याच्या पूर्वेला थेऊर गाठायचे, असा लांबचा फेरा दिसतो. कोणतेही गणित हा क्रम सुचवणार नाही, आणि श्रद्धेने तो पाळणाऱ्याला गणिताची गरजही नाही. दोन दिवसांत यात्रा उरकणारे बहुतेक जण मात्र थेऊर, मोरगाव, सिद्धटेक, रांजणगाव अशी पूर्वेची बाजू आधी घेतात, मग जुन्नर तालुक्यातील ओझर आणि लेण्याद्री, आणि शेवटी महड व पाली. यात्रेच्या गाड्या चालवणाऱ्यांनी हा क्रम नकाशे येण्याच्या कितीतरी आधी अनुभवाने बसवला आणि तो चांगला आहे. अडचण येते ती ज्याच्यामागे असा अनुभव नाही त्याला. लग्नपत्रिका वाटायला कोथरूड, बिबवेवाडी, हडपसर, खराडी आणि पिंपळे सौदागर अशा घरांची यादी घेऊन निघालेल्याला कोणतीही परंपरा मार्ग दाखवत नाही. तो यादी जशी सुचली तशी भरतो आणि नकाशा तीच प्रमाण मानतो. क्रम पाळण्याचा हक्क वापरकर्त्याचा असावा, पण क्रम सुचवण्याची जबाबदारी नकाशाने पूर्णपणे टाळावी, हे त्या हक्कातून निष्पन्न होत नाही.

पुण्याच्या मध्यवस्तीत हा प्रश्न आणखी बिकट होतो, कारण इथे जाण्याचे आणि येण्याचे अंतर सारखे नसते. शिवाजी रस्त्याची एकेरी वाहतूक शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे, तर बाजीराव रस्त्याची स्वारगेटकडून शनिवारवाड्याकडे. शनिवारवाड्यापाशी एक थांबा आणि मंडईजवळ दुसरा असेल, तर पहिल्याहून दुसऱ्याकडे सरळ उतरता येते. उलट्या क्रमाने मात्र पलीकडच्या रस्त्यावर जाऊन वर यावे लागते. पेठांमधले पाच-सहा थांबे चुकीच्या क्रमाने भरले तर फरक थोड्या अंतराचा राहत नाही, सबंध पेठांना वळसे पडतात, आणि नकाशा ते वळसे अचूक दाखवतो, पण क्रम बदलल्यास ते टळतील हे सुचवत नाही. गणेशोत्सवात मध्यवस्तीतील रस्ते संध्याकाळी बंद होऊ लागले की कालचा चांगला क्रम आज निरुपयोगी ठरतो.

थांबे योग्य ठिकाणी पडणे ही यापूर्वीची पायरी, आणि तिचा इतिहास भारतापुरता वेगळा आहे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठीचे आणि सर्वांसाठी खुले असे नकाशांचे दोन संच केले. डिसेंबर २००९ मध्ये गूगल मॅप्सच्या भारतासाठीच्या मार्गदर्शनात रस्त्यांच्या नावांबरोबर ठळक खुणांचा उल्लेख होऊ लागला, कारण इथे लोक देवळावरून, पेट्रोल पंपावरून रस्ता सांगतात हे तोवर लक्षात आले होते. डिसेंबर २०१७ मध्ये दुचाकीसाठी वेगळा मार्ग मिळू लागला, ज्याची पुण्याइतकी गरज फार थोड्या शहरांना असेल. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशे बनवण्यासाठी लागणाऱ्या पूर्वपरवानग्या काढल्या. ठरावीक मर्यादेहून सूक्ष्म तपशील गोळा करण्याची आणि बाळगण्याची मुभा मात्र भारतीय संस्थांनाच ठेवली. रस्त्यावरून दिसणारी छायाचित्रे (गूगलची ‘स्ट्रीट व्ह्यू’ सोय) दोनदा अडल्यानंतर जुलै २०२२ मध्ये दहा शहरांत सुरू झाली, त्यांत पुणे होते. अनेक थांबे असणाऱ्यांना याचा थेट उपयोग झाला. सोसायटीचे फाटक रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे हे निघण्याआधीच पाहता येऊ लागले.

पत्त्यांची अडचण मात्र पुरती संपलेली नाही. सर्व्हे नंबर, अमक्या शाळेमागे, तमक्या चौकाजवळ अशा पत्त्यावर शोध घेतला तर पिन पुष्कळदा त्या भागाच्या मध्यावर जाऊन पडते, आणि वाघोली किंवा सिंहगड रस्त्यासारख्या पसरलेल्या भागात ती खऱ्या घरापासून बरीच दूर असते. एका थांब्याच्या मार्गात अशी चूक पोचल्यावर सुधारता येते. आठ थांब्यांच्या मार्गात ती त्या थांब्याच्या आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही टप्प्यांचा वेळ चुकवते. म्हणून नेहमी ड्रॉप करणारे चालक पत्ता टाइप करत नाहीत, ते समोरच्याकडून लोकेशन मागवतात.

ज्यांचा धंदाच थांब्यांवर चालतो त्यांनी यातून आपापल्या वाटा काढल्या. हिंजवडीच्या कंपन्यांच्या कॅब, कुरिअर आणि किराणा पोचवणाऱ्या गाड्या वेगळे सॉफ्टवेअर वापरतात, ज्यात क्रम, वेळेची बंधने आणि गाडीची क्षमता एकत्र हिशेबात घेतली जाते. छोट्या व्यावसायिकाला तो खर्च परवडतोच असे नाही. तो फेरा दोन भागांत तोडतो, पहिल्या भागाचे शेवटचे ठिकाण दुसऱ्याचे पहिले ठेवतो आणि दोन दुवे चालकाला पाठवतो. मात्र फोनच्या ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या अशा दुव्यात मधले थांबे तीनच चालतात, हे अनेकांना ऐन वेळी कळते. नकाशावर स्वतःच्या खुणांचे आणि मार्गांचे थर बनवण्याची ‘माय मॅप्स’ ही गूगलची विनामूल्य सोय आहे, पण तिथेही एका थरातील मार्गाला दहाच बिंदू मिळतात. २०२२ मध्ये आयफोनच्या नकाशाने पंधरा थांबे देऊ केले, आणि तिथेही क्रम भरणाऱ्यालाच लावावा लागतो.