कायनाइट आणि ॲल्युमिनियमचा सहावा शेजारी

साडेसातीवरचा उपाय म्हणून नीलम घ्यायला सांगतात. खरा नीलम परवडत नाही, म्हणून त्याच्यासारखे दिसणारे निळे खडे विकले जातात. कायनाइट हा त्यांतलाच एक. घरी पैलू न पाडलेला तुकडा असेल तर तो ओळखणं सोपं आहे. कायनाइटचे स्फटिक चपट्या, लांबट पात्यांसारखे असतात. चाकूचं टोक पात्याच्या लांबीच्या दिशेनं ओढलं की ओरखडा उठतो. तेच टोक आडवं ओढलं की काही होत नाही. खनिजांचा कठीणपणा १ ते १० असा मोजणाऱ्या मोहस् मापनावर या खनिजाचा आकडा लांबीच्या दिशेनं ४.५ ते ५, तर आडव्या दिशेनं ६.५ ते ७ भरतो, आणि चाकूचं पोलाद या दोन्हींच्या मधे, ५.५ च्या आसपास येतं. नीलमावर (कठीणपणा ९) चाकू कोणत्याच दिशेनं चालत नाही. हा दुहेरी कठीणपणा पाहूनच आयुई या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञानं १८०१ मध्ये याला डिस्थीन, म्हणजे 'दोन बळांचा', असं नाव दिलं होतं.

शनीशी या दगडाचं काही नातं नाही. हल्ली 'ऊर्जा देणारा स्फटिक' म्हणूनही तो विकतात, त्यालाही आधार नाही. त्याचा निळा रंग येतो तो त्यात अगदी थोड्या प्रमाणात असलेल्या लोह आणि टायटॅनियममुळे. पण हा दगड खडकाबद्दल जे सांगतो ते एकाही ज्योतिषाला सांगता येणार नाही. तो किती खोलवर आणि किती तापमानात तयार झाला, याचा अंदाज त्याच्यावरून बांधता येतो.

कायनाइटमध्ये ॲल्युमिनियमचे दोन, सिलिकॉनचा एक आणि ऑक्सिजनचे पाच अणू असतात. नेमकी हीच घडण असलेली आणखी दोन खनिजं आहेत, अँडालुसाइट आणि सिलिमनाइट. रासायनिक पृथक्करणात तिन्ही सारखीच दिसतात. फरक कळतो तो जागेत. प्रत्येकाचे १६२ ग्रॅम घेतले तर कायनाइट सुमारे ४४ घन सेंटिमीटर जागा व्यापतं, सिलिमनाइट ५० आणि अँडालुसाइट साडेएक्कावन्न. माल तोच, पण कायनाइटमध्ये तो जास्त दाबून भरलेला.

हे दाबून भरणं अणूंच्या पातळीवर कसं होतं, तो या खनिजातला सर्वांत सुंदर भाग आहे. तिन्ही खनिजांत सिलिकॉनभोवती ऑक्सिजनचे चारच अणू असतात, त्यात बदल नाही. ॲल्युमिनियमच्या दोन अणूंपैकी एक तिन्हींत सारखाच राहतो. त्याला ऑक्सिजनचे सहा शेजारी असतात, त्यांच्यामुळे त्याच्याभोवती आठ बाजूंचा आकार, म्हणजे अष्टफलक, तयार होतो, आणि अशा अष्टफलकांच्या कडेला कडा जोडून स्फटिकाच्या लांबीभर साखळ्या जातात. खरी गंमत दुसऱ्या ॲल्युमिनियमची. सिलिमनाइटमध्ये त्याला चार शेजारी, अँडालुसाइटमध्ये पाच, आणि कायनाइटमध्ये सहा. बाहेरून दाब वाढला की कमी जागा घेणारी मांडणी फायद्याची ठरते, म्हणून ॲल्युमिनियम आणखी शेजारी जवळ करतो. तापमान वाढलं की अणूंची थरथर वाढते आणि सैल मांडणी फायद्याची ठरते, म्हणून तो शेजारी सोडतो. थोडक्यात, दाब जास्त असेल तर कायनाइट, तापमान जास्त असेल तर सिलिमनाइट, आणि दाब कमी व तापमान मध्यम असेल तर अँडालुसाइट. पाच शेजाऱ्यांची मांडणी ॲल्युमिनियमच्या खनिजांत फार आढळत नाही, आणि अँडालुसाइटला उथळ, कमी दाबाचीच जागा मानवते.

कायनाइट ज्यांत सापडतं ते खडक आधी वितळतात आणि मग थंड होताना त्यांत ही खनिजं तयार होतात, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. हे रूपांतरित खडक असतात, म्हणजे उष्णता आणि दाबानं बदललेले, आणि ते घन अवस्थेतच बदलतात. सुरुवात होते चिखलापासून. समुद्रतळावर साचलेल्या बारीक मातीचा शेल हा थराथरांचा खडक बनतो. भूकवचाची टक्कर होताना तो खाली गाडला जातो, तापतो, त्याची स्लेट होते आणि पुढे अभ्रकानं चमकणारा शिस्ट. मातीची खनिजं पाणी धरून असतात. तापत जाताना एकेक प्रक्रिया ते पाणी बाहेर काढते. पायरोफायलाइट हे मऊ खनिज ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास फुटतं आणि त्यातून कायनाइट, क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज) आणि पाणी मिळतं. नेहमीच्या शिस्टमध्ये मात्र कायनाइट बरंच उशिरा येतं. ६०० अंशांच्या वर स्टॉरोलाइट नावाचं खनिज, पांढरा अभ्रक आणि क्वार्ट्झ एकमेकांशी प्रक्रिया करतात, आणि त्यातून गार्नेट, काळा अभ्रक, कायनाइट आणि पाणी तयार होतं. इथे एक अट आहे. मूळ मातीत ॲल्युमिनियम भरपूर हवं, आणि कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम कमी हवीत. ही तिन्ही पुरेशी असली तर ॲल्युमिनियम फेल्डस्पार या दुसऱ्या खनिजात आणि अभ्रकात खर्ची पडतं, कायनाइटसाठी काही उरत नाही.

तापमान वाढत जाताना खडकात अशी खनिजं एकामागून एक येतात. स्कॉटलंडच्या हायलंडमध्ये भूशास्त्रज्ञ जॉर्ज बॅरो यांनी १८९३ मध्ये याच क्रमाचे पट्टे नकाशावर दाखवले. आज तो क्रम क्लोराइट, काळा अभ्रक, गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट, सिलिमनाइट असा शिकवला जातो. सिक्कीममध्ये हाच क्रम उलटा दिसतो. डोंगर चढत जाल तसे जास्त तापलेले खडक लागतात, कारण हिमालय उभा राहताना खोलवरचे गरम खडक वर सरकून थंड खडकांवर बसले.

तिन्ही रूपं एकत्र टिकतील असा दाब-तापमानाचा एकच बिंदू आहे, आणि तो ठरवायला प्रयोगशाळांना फार त्रास झाला. १९६९ मध्ये एका गटानं तो ६२२ अंश आणि ५.५ किलोबार असा काढला (एक किलोबार म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे हजारपट). १९७१ मध्ये होल्डवे या भूशास्त्रज्ञानं ५०१ अंश आणि ३.७६ किलोबार काढला, आणि त्याच्या जवळपासचा आकडा आज बरेच जण वापरतात. ३.७६ किलोबार म्हणजे साधारण १४ किलोमीटर खोली. इतकी तफावत पडली, कारण तिन्ही रूपांच्या ऊर्जेत फरक फारच थोडा आहे आणि त्यांचं एकमेकांत रूपांतर अतिशय मंद होतं. नमुना फार बारीक दळला, किंवा सिलिमनाइट तंतूंच्या रूपातलं घेतलं, तरी उत्तर हलतं.

याच मंदपणामुळे कायनाइट आपल्यापर्यंत पोचतं. डोंगर झिजतात, खडक वर येतो, दाब उतरतो. नियमानं कायनाइटनं आता बदलायला हवं. पण सहावा शेजारी सोडायचा तर बंध तुटावे लागतात, त्यासाठी उष्णता लागते, आणि अणूंची ने-आण करणारं पाणी तर आधीच निघून गेलेलं असतं. त्यामुळे जुनी मांडणी तशीच गोठून राहते. तापमान वाढत असतानाही कायनाइटचं सिलिमनाइट जागच्या जागी सहसा होत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली खडकाचा पातळ काप पाहिला तर कायनाइटच्या कडा पांढऱ्या अभ्रकानं खाल्लेल्या दिसतात, आणि थोड्या अंतरावर काळ्या अभ्रकात सिलिमनाइटचे केसांसारखे तंतू उगवलेले असतात. माल पाण्यातून इकडून तिकडे गेलेला असतो.

सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टमध्ये हे खनिज शोधू नये, तो लाव्हा आहे. महाराष्ट्रातलं कायनाइट पूर्व विदर्भात आहे, भंडारा जिल्ह्याच्या जुन्या रूपांतरित खडकांत, सिलिमनाइटच्या सोबतीनं. झारखंडमध्ये खरसावांजवळचं लापसा बुरू हे तर जगातल्या नावाजलेल्या साठ्यांपैकी एक. हा माल खड्यांसाठी काढत नाहीत, तो भट्ट्यांच्या अस्तराच्या विटांसाठी लागतो.

भट्टीत सहाव्या शेजाऱ्याचा हिशेब चुकता होतो. सुमारे १३०० अंशांच्या पुढे कायनाइट मोडतं आणि त्याचं मुलाइट व सिलिका होते. मुलाइट उष्णतेला चिवटपणे तोंड देतं, म्हणून ते हवंच असतं. पण दाबून भरलेली मांडणी सैल होताना आकारमान १६ ते १८ टक्क्यांनी वाढतं. सिलिमनाइट ५ ते ८ टक्केच फुगतं, अँडालुसाइट त्याहूनही कमी, म्हणून ती दोन्ही कच्ची वापरली तरी चालतात. कच्च्या कायनाइटचे जाडे दाणे विटेत घातले तर ती भाजताना तडकते. त्यामुळे विटेसाठीचं कायनाइट आधी भट्टीत पूर्ण भाजून घेतात, मग दळतात आणि दाण्याच्या आकारानुसार चाळतात. ज्या मिश्रणात चिकणमाती आक्रसते तिथे मात्र थोडं बारीक कच्चं कायनाइट मुद्दाम मिसळतात. दाणा जितका बारीक, तितकं फुगणं लवकर सुरू होतं, त्यामुळे चिकणमाती कोणत्या तापमानाला आक्रसते ते पाहून दाण्याचा आकार ठरवावा लागतो.